बेरिंगला तेल

इस्लापूर कुठे आहे असं मला कोणी विचारलं, की मी उलट विचारतो, “कोणत्या सालचं?”

हा आगाऊपणा नव्हे. १९४८ पर्यंतचं विचाराल तर ते निजामाच्या मुलखात होतं. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंतचं विचाराल तर हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होतं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा हे दोन अख्खे तालुके मुंबई राज्याला मिळाले. बोथ तालुका तिकडेच राहिला, पण त्यातलं इस्लापूरचं सर्कल तेवढं कापून इकडे देण्यात आलं. भाजीवाला वरकड म्हणून कोथिंबिरीची काडी टाकतो ना, तसं. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला. म्हणजे बारा वर्षांत या गावाने चार राज्यं पाहिली आणि त्यासाठी गावातल्या कोणाला पारावरून उठावंसुद्धा लागलं नाही. गाव आपलं होतं तिथेच, पैनगंगेजवळ, सागाच्या रानात. राज्यंच येत-जात राहिली.

अशा सोशिक गावात आमची आक्का दिली होती. आक्काचा स्वभाव पाहूनच वडिलांनी गाव निवडलं असावं, असा मला दाट संशय आहे.

आमचे दाजी सागवानाचे व्यापारी. माणूस दिलदार, आवाज मोठा आणि तोंडात एकच वाक्य : “काही होत नाही!” पावसात लाकूड भिजतंय? काही होत नाही. उधारी थकलीय? काही होत नाही. आत्याबाईंनी, म्हणजे आक्काच्या सासूबाईंनी, तीन दिवस अबोला धरलाय? काही होत नाही. या तीन शब्दांवर त्यांनी वीस वर्षं संसार आणि वखार दोन्ही चालवली होती. १९७६ साली ते हैदराबादला लाकडाची वसुली करायला गेले आणि वसुलीऐवजी मोटार घेऊन परत आले.

मोटारीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं आमच्या घरचं वळण आहे. एवढंच सांगतो की ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती, कुठल्याशा जहागीरदाराच्या वाड्यात वाढली होती आणि दिवस फिरल्यावर लिलावात उभी राहिली होती. दोन्ही बाजूंना उभं राहायला फळ्या होत्या. मागच्या सीटवर चार माणसं मांडी घालून पत्ते खेळू शकत. दार लावताना बँकेच्या तिजोरीसारखा आवाज होई, फक्त आत शिल्लक काही नसे. पेट्रोल एवढं पीत असे की पंपावरचा पोऱ्या तिला लांबून बघूनच अंगातला सदरा सारखा करी.

दाजींच्या मते ही मोटार म्हणजे रोल्स-रॉईसची सख्खी चुलत बहीण. हा नातेसंबंध कुठून जुळवला ते विचारायची सोय नव्हती. पण रोल्स-रॉईसच्या गोष्टी मात्र ते अशा सांगत, की जणू तिच्या बारशाला हेच घुगऱ्या खाऊन आले होते. मला तेव्हा त्या थापा वाटायच्या. पुढे मी पुस्तकांतून पडताळून पाहिल्या. गोष्टी खऱ्या निघाल्या. खोटं होतं ते फक्त चुलत बहिणीचं.

पहिली गोष्ट १९०७ सालची. मोटार म्हणजे निम्मा वेळ रस्त्यावर आणि निम्मा वेळ मोटारीखाली, असे ते दिवस. एवढ्यात विलायतेत रोल्स-रॉईस कंपनीने एक चंदेरी रंगाची मोटार काढली. नाव ठेवलं ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे चांदीचं भूत, कारण ती चालली तरी आवाज येत नसे. (आमच्या गावाकडे भुताला आवाज असतो. विलायतेचं भूतसुद्धा शिस्तीचं.) तिची परीक्षा घ्यायची ठरली. लंडन ते ग्लासगो, पुन्हा लंडन, पुन्हा ग्लासगो, अशी पंधरा हजार मैल पळवायची, रात्रंदिवस. बाजूला तिथल्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबचा माणूस वही घेऊन बसलेला. ६२९ मैलांवर एकदा ती थांबली. कारण काय, तर खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोलची चावी आपोआप बंद झाली. चावी उघडली आणि उरलेले १४,३७१ मैल तिने इंजिनाची तक्रार म्हणून एकदाही थांबा घेतला नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. क्लबच्या इंजिनियरांनी ती मोटार खिळा न् खिळा सुटी केली. कुठे किती झिजलंय ते मोजलं. इंजिनात दखल घेण्यासारखी झीज सापडली नाही. अख्खी मोटार पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. दाजी हा आकडा सांगताना ‘सात पेन्स’वर जरा थांबत. व्यापारी माणूस! पौंडाचं कौतुक कोणीही करील, पेन्सचं फक्त व्यापारी करतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. ६२० मैलांची धाव, वाटेत सहा घाट. रस्ते बैलगाड्यांचे, धूळ गुडघाभर. त्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक सिल्व्हर घोस्ट उतरली आणि जिंकली. मग ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेतली. दाजी हे ऐकवताना अशी मान डोलवीत, की जणू तिचा सौदा यांच्याच वखारीत झाला.

तिसरी गोष्ट खुद्द आमच्या मुलखाच्या मालकाची. हैदराबादच्या निजामाने, महबूब अली खानांनी, एक रोल्स-रॉईस मागवली. पिवळीधमक, मागे सिंहासन, वर घुमटासारखं छत. मोटार येण्याआधीच, १९११ साली, मालक अल्लाघरी गेले. मोटार मुलाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खानांच्या, राज्यात आली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कशीबशी काही शे मैल चालली. आजही ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. एक भगिनी पंधरा हजार मैल पळून नव्यासारखी, दुसरी न पळता नव्यासारखी. “दोन्ही मार्ग मोक्षाचेच!” असं दाजी म्हणत आणि आमच्या मोटारीच्या बॉनेटवर थाप मारत. बॉनेटवरचा रंग त्यांच्या हाताला येई.

आता आवाजाबद्दल.

आमच्या या चुलत बहिणीच्या पोटातून १९७६ पासूनच एक आवाज येत होता. टक्. टक्. टक्. हळू चालली की हळू, वेगात चालली की वेगात. चढावर तर कोणी आतून दार ठोठावतंय असं वाटायचं. मी दिवाळीला गेलो की विचारायचो, “दाजी, हा आवाज कसला?”

“जुनं इंजिन आहे पाव्हणं. बोलतंय. काही होत नाही.”

त्याच दोन वर्षांत त्या घरात दुसराही एक आवाज होता, पण तो इतका बारीक की माझ्याही कानावर उशिरा आला. आक्का पाण्याची घागर घेऊन आडावरून आली की उंबऱ्याशी थांबायची. चौकटीला हात लावून दोन-चार श्वास घ्यायची. मग पुढे जायची. “धाप लागते रे बापू,” एकदा म्हणाली. “जिना चढले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.”

“पित्त असेल,” दाजी वखारीकडे जाता जाता म्हणाले. “काही होत नाही.”

आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या वेळेला आम्ही दोन घागरी आणायचो.” आणि मी? मी नांदेडचा शिकलेला भाऊ. मी म्हणालो, “लिंबाचं सरबत घेत जा.” तेव्हा या गोष्टीत दाजींना हसताना माझाही नंबर त्याच रांगेत आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

१९७८ च्या नोव्हेंबरात नांदेडला एक लग्न निघालं. रेल्वे असताना दाजींनी जाहीर केलं, की सगळे मोटारीने जाणार. मोटारीने लग्नाला जाण्यात एक मौज असते आणि ती लग्नमंडपासमोर उतरण्याच्या अर्ध्या मिनिटात असते. बाकीचा प्रवास त्या अर्ध्या मिनिटासाठी सोसायचा. आक्का म्हणाली, “नांदेडला जातोच आहोत, तर डॉक्टरला दाखवू या का?” दाजी म्हणाले, “लग्न आटपू दे. मग बघू.”

मोटारीत बसले ते असे : पुढे दाजी, मी आणि आहेराची पितळी घंगाळं. मागे आत्याबाई, आक्का, तीन पोरं, एक शेजारची म्हातारी (तिला भोकरला उतरायचं होतं) आणि चिवड्याचा डबा. फळीवर वखारीतला गडी. तो धक्का मारण्यासाठी होता, पण त्याला मान म्हणून ‘क्लीनर’ म्हणायचं.

गाव सुटलं. टक् टक् टक्. पहिल्या चढाला ठक् ठक् ठक्. म्हातारीने विचारलं, “मधी कोन हाय का?” दाजी हसले आणि पाय आणखी दाबला. मग आतून लोहाराच्या भात्यासमोर ऐकू यावा तसा घणाचा आवाज सुरू झाला, करपल्याचा वास आला आणि अचानक सगळं शांत झालं. इतकं शांत, की रानातला होला घुमताना ऐकू आला.

“बघा!” दाजी म्हणाले. “आवाज थांबला.”

मोटारही थांबली होती.

रस्त्यात मोटार बंद पडली की पाच मिनिटांत वीस माणसं जमतात, आणि त्यांतल्या कोणालाही मोटारीतलं काही कळत नसल्यामुळे मोकळेपणाने चर्चा होते. एक म्हणाला पेट्रोल संपलं. दुसरा म्हणाला दृष्ट लागली. तिसऱ्याने नुसतंच विचारलं, “मालक, कामून थांबलाव?” जणू आम्ही तिथे हवा खायला थांबलो होतो. शेवटी एका शेतकऱ्याने बैलजोडी सोडून आणली. चुलत बहिणीच्या पुढच्या बंपरला नाडा बांधला आणि आमची वरात उलट्या दिशेने, इस्लापूरकडे निघाली. दाजी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. उतारावर मोटार बैलांच्या अंगावर जायची, तेव्हा ते इमानाने हॉर्न वाजवायचे.

सगळे मोटारीत बसूनच होते. फक्त आक्का, बैलांना ओझं नको म्हणून, उतरून चालत होती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण गाव जवळ आल्यावर.

गावात एक म्हातारे मिस्त्री होते. तरुणपण हैदराबादच्या मोटारींच्या कारखान्यांत गेलेलं. बोली दखनी. त्यांनी इंजिन हाताने थोडं फिरवून पाहिलं. ते अजून फिरत होतं. मग दाजींची परवानगी न घेता ते क्षणभर चालू केलं. एक लांब लाकडी काठी घेतली, एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, आणि डोळे मिटले. डॉक्टर स्टेथास्कोप लावतो तसं. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. चारांची काढली तरी ठक्‌ठक् चालूच. पाचव्याची काढली आणि आवाज एकदम मवाळ झाला. “ये रहा,” म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. जिच्यावरचा जोर काढला की आवाज बसतो, दुखणं तिथे! एकत्र कुटुंबातसुद्धा हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. वायर कोणाची काढायची, एवढंच ठरवणं कठीण.

“कित्ते दिन से आवाज आरा था?” मिस्त्रींनी विचारलं.

“दोन वर्षं,” दाजी म्हणाले.

“दो साल!” मिस्त्रींनी काठी खाली ठेवली. “और आप क्या करते थे?”

दाजी गप्प. वीस वर्षांत प्रथमच त्यांचे ते तीन शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेले.

संध्याकाळी मोटारीखाली गोणपाट पसरून मिस्त्री आत शिरले. तेलाचं पात्र उतरवलं. तेल होतं थोडंच, आणि त्यात चांदीचा वर्ख कालवावा तशी चमचम. पाचव्या पिस्टनचा दांडा बाहेर काढून त्यांनी कंदिलाखाली धरला. दांड्याच्या कड्यात जिथे गुळगुळीत पांढरं अस्तर हवं, तिथे मेणबत्ती ओघळून थिजावी तसं काहीतरी चिकटलं होतं.

“बेरिंग गया,” मिस्त्री म्हणाले. मयताची वर्दी द्यावी तसे.

ज्यांना मोटारीच्या पोटातलं माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात पिस्टन खाली-वर नाचतो. त्या नाचाचं गोल फिरणं करून चाकाकडे पाठवायचं काम क्रँकशाफ्ट नावाचा पोलादी दांडा करतो. पिस्टनचा हात या शाफ्टला जिथे धरतो, तिथे मिनिटाला हजारो वेळा घसट होते. पोलादावर पोलाद घासलं तर दोघंही जळतील. म्हणून मध्ये एका मऊ धातूचं अस्तर घालतात आणि त्यात तेल फिरवतात. हेच ते बेरिंग. हा मऊ धातू आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने काढला. त्याचं पेटंट १८३९ सालचं. माणूस मूळचा सोनार. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसने त्याला वीस हजार डॉलर दिले. शंभर भागांत साधारण एकोणनव्वद भाग कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. पोलाद वितळायला पंधराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हा गृहस्थ अडीचशेलाच पाघळतो. चाकूच्या टोकाने ओरखडा काढावा, इतका मऊ.

मला ते खरं वाटेना. मी मिस्त्रींना म्हणालो, “एवढ्या मोठ्या इंजिनात सगळ्यांत जास्त मार बसतो, तिथे सगळ्यांत मऊ धातू? तिथे तर चांगला कडक हवा!”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाकडे कारागीर पाहतो तसं.

“नक्को साब. नरम है, इसीच वास्ते शाफ्ट सलामत है. तेल में कचरा आया, तो ये अपने पेट में दबा लेता. शाफ्ट जरा टेढा बैठा, तो ये अपने को घिस के जगा देता. तेल नई मिला, तो खुद पिघलता, शाफ्ट को जलने नई देता. मगर पैले आवाज देता. बोलता, मेरेकू तेल दो. जिसकू सुनना नई, वो नया शाफ्ट लेने हैदराबाद जाओ.”

या धातूचं पोट कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर मऊ कथिलात अँटिमनीचे कडक चौकोनी खडे रुतलेले दिसतात. भार ते खडे पेलतात आणि भोवतीचं मऊपण त्यांना सांभाळून घेतं. हे मी पुढे वाचलं. आणि तेव्हा त्या १९०७ च्या परीक्षेचाही उलगडा झाला. त्या काळच्या बड्या मोटारींच्या बेरिंगमध्ये हाच मऊ धातू असे. रॉईसने काही जगावेगळं पोलाद घालून पंधरा हजार मैल काढले नव्हते. त्याने शाफ्टला सात ठिकाणी आधार दिला आणि पंपाने दाब देऊन त्या प्रत्येक ठिकाणी तेल पोचेल अशी सोय केली. मऊ धातू तोच. आमच्यापेक्षा फरक एवढाच, की तिथे तेल मागायच्या आधी मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेरिंग ओतायचं ठरलं. निम्मं गाव जमलं. मिस्त्रींनी कोळशाची शेगडी पेटवली. दांड्याचं कडं तापवून त्यावर नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला आणि कथिलाचा हात फिरवताच ते आरशासारखं चमकलं. म्हणजे थेट आपली कल्हई! मधल्या लोखंडी गजाला धातू चिकटू नये म्हणून चिमणीची काजळी धरली. फटी चिकणमातीने लिंपल्या. मग पळीत धातू वितळवून त्यात सागाची काडी बुडवली. काडी पेटली तर धातू फार तापला, नुसती तपकिरी झाली तर बरोबर. काडी तपकिरी झाली. “बिस्मिल्ला,” म्हणून मिस्त्रींनी एका दमात, धार न तोडता, धातू ओतला. ओतताना मध्ये थांबलं तर सांधा राहतो आणि सांध्यातूनच पुढे तडा जातो. त्या अर्ध्या मिनिटात गावातलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

तेवढ्यात आक्का आली. एका हातात आठ जणांच्या चहाची किटली, दुसऱ्या हातात दोन तांब्याची पातेली. बाई संसारी! शेगडी पेटलीच आहे, कथील वितळलंच आहे, तर उरल्यासुरल्यात दोन भांड्यांना कल्हई करून घ्यावी, असा तिचा हिशेब. मिस्त्री हसले. “नक्को आपा, इसमें सुरमा पडेला है. खाने के बर्तन कू चलता नई.” सुरमा म्हणजे अँटिमनी. पोटात जाण्याची वस्तू नव्हे.

“बरं,” आक्का म्हणाली. किटली खाली ठेवायला वाकली आणि उठताना तिचा तोल गेला. पातेली घरंगळत गेली. तिने मोटारीच्या त्या बाजूच्या फळीचा आधार घेतला आणि तिथेच खाली बसली. चेहरा त्या वितळलेल्या धातूसारखा पांढरा.

“काही होत नाही,” आक्का म्हणाली. म्हणाली ती आक्का. आणि हे वाक्य तिच्या तोंडून ऐकून दाजी जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे न पाहता त्या शेगडीकडे पाहत होते.

बाकीचं इंजिन तसंच उघडं टाकून, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दाजी आक्काला घेऊन निघाले. तेव्हाची ती मीटरगेजची गाडी. भोकर, मुदखेड करीत सावकाश निघालेली. मी बरोबर होतोच. लग्नघर स्टेशनापासून जवळ होतं, तिथून बँडचा आवाज येत होता. दाजींनी टांगा सरळ डॉक्टरांकडे घ्यायला सांगितला.

डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा.

“बाई, तुम्ही चालत कशा होतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“चालायला वेळ कुठला,” आक्का म्हणाली, “पळतच होते.”

“कधीपासून होतंय हे?”

आक्का काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, “दोन वर्षं. दोन वर्षं आवाज येत होता. मी म्हणत होतो, काही होत नाही.”

डॉक्टरांना ‘आवाज’ काही कळला नाही. त्यांनी स्टेथास्कोप पुन्हा लावून पाहिला.

औषधं, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, पंधरा दिवस माहेरी विश्रांती. आक्का सावरली. महिन्याभराने मी तिला पोचवायला इस्लापूरला गेलो, तर अंगणात आडापाशी नवा हातपंप बसवलेला आणि आत्याबाई तो स्वतः हापसताना दिसल्या. “आमच्या वेळेला हे नव्हतं,” त्या म्हणाल्या. तक्रारीचं वाक्य तेच, सूर मात्र निराळा.

मोटारही तयार होती. मिस्त्रींनी शाफ्टला शेंदूर माखून, बेरिंग बसवून, फिरवून, जिथे शेंदूर लागला तेवढाच उंचवटा तासायचा, असं आठ दिवस केलं होतं. पाचशे मैल हळू चालवा, अशी ताकीद होती. दाजी रोज सकाळी तेलाची सळई काढून पुसायचे, बुडवायचे, उजेडात धरायचे. मग घरात येऊन त्याच सुरात आक्काला विचारायचे, “कसं आहे? गोळी घेतली?” आक्का चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, “अहो, ती सळई आणू का? एकदा घालून बघूनच घ्या.”

रात्री जेवणं झाल्यावर दाजींना तत्त्वज्ञान सुचलं. पानाला चुना लावत मला म्हणाले, “पाव्हणं, मी विचार केला. घरात पुरुष म्हणजे पिस्टन. नुसता खाली-वर नाचतो. पण बाई म्हणजे घराचं बेरिंग!”

आतून भांडी घासल्याचा आवाज थांबला.

“बेरिंग म्हणू नका मला,” आक्काचा आवाज आला. “बेरिंगला निदान तेल तरी घालतात.”

दाजी पान हातात धरून बसले. मग ते उठले, आत गेले, आणि थोड्या वेळाने पाणी ओतल्याचा आणि एक वाटी हातातून पडल्याचा आवाज आला. आत्याबाईंनी अंथरुणातून विचारलं, “काय झालं?” आक्का म्हणाली, “काही नाही. भांडी विसळायला आलेत.” त्यांनी किती भांडी विसळली मला माहीत नाही. मी ऐकत पडलो होतो, आणि बऱ्याच वर्षांनी त्या घरातून येणारा आवाज मला बरोबर वाटला.

याला आता किती वर्षं झाली! आता बेरिंगची तयार पातळ अस्तरं डबीतून येतात. बसवायची आणि जुनी फेकायची. त्यांतही शाफ्टला भिडणारा थर मऊच असतो, फक्त ओतणारे हात गेले. चुलत बहीण पुढे भंगारात गेली, पण शेवटपर्यंत तिने बेरिंगची तक्रार केली नाही. दाजींनी तेल कधी कमी पडू दिलं नाही. मिस्त्रींनी त्या दिवशी पळीत उरलेला धातू जमिनीवर ओतला होता. त्याचा पेढ्याएवढा गोळा त्यांनी मला दिला. “साब, ये ले जाओ. आप पूछते थे ना, नरम कायकू?”

तो गोळा माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं मी लोकांना सांगतो.

परवा आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, माझा गुडघा फार वाजतो हल्ली.”

मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, “वयाप्रमाणे वाजायचाच. काही हो...”

आणि माझी नजर त्या गोळ्यावर गेली.

मी उठलो, सदरा घातला, पिशवी आणि छत्री घेतली. “चल,” म्हटलं, “डॉक्टरकडे.”

ही दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, “तुम्हाला बरं नाही का?”